बदनाम सालाची लाल वाईन

बहात्तर म्हटले की आपल्याला दुष्काळ आठवतो. लाल मिलो, सुकडी आणि रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसे. एकोणीस म्हटले की महापूर. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी हायवेवर चढले आणि पुणे-बंगळूरची वाहने होती तिथेच उभी राहिली. आपल्याकडे वर्षे आकड्याने नव्हे, करणीने लक्षात राहतात. निपाणीच्या वखारींत तर याहून बारीक हिशेब असे. पान चिमटीत धरून चुरगाळायचे, नाकाशी न्यायचे, हे सगळे व्हायचेच. पण भावाचा निम्मा निकाल सालाच्या नावावर आधीच लागलेला असायचा. साल एकदा बदनाम झाले की झाले. त्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने जिवापाड राबून चांगला माल आणला तरी गादीवर बसलेला माणूस म्हणे, "पान बरं हाय हो पावणं, पण साल कुठलं?"

हेच सगळे जगाच्या दुसऱ्या टोकाला द्राक्षाच्या लाल वाईनबाबत चालते. फरक एवढाच की तिथे माल बाटलीत बंद राहतो, बाटलीवर साल छापलेले असते आणि दहा-वीस वर्षांनी कुणीतरी ती उघडून निकाल पुन्हा तपासू शकतो. असे तपासलेले काही निकाल पार उलटले आहेत. त्यांतली एक गंमत म्हणजे त्यांचेही एक बदनाम साल बहात्तरच आहे! त्याच्याकडे येतोच.

त्याआधी एक सांगून टाकतो. कुटुंबाच्या पानावर वाईनचा लेख बघून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा "वाईन म्हणजे दारू का?" यावर केवढे रण माजले होते, आठवत असेल. माझ्या मते वाईन ही दारूच. तिच्यात बारा ते पंधरा टक्के अल्कोहोल असते, आणि अल्कोहोलचे अगदी सुरक्षित असे कुठलेच प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा ज्यांच्या घरात ती येत नाही त्यांनी ती आणावी असा माझा मुळीच आग्रह नाही. मला बोलायचे आहे ते मालाच्या पारखीबद्दल, आणि त्या पारखीवर ज्याचे पोट असते त्या शेतकऱ्याबद्दल.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे लेकीकडे कॅलिफोर्नियात होतो. जावईबापूंच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, मूळचे इचलकरंजीकडचे, तिकडे जाऊन तीस-पस्तीस वर्षे झालेली. संगणकातली नोकरी, आणि हौस वाईनची. एका शनिवारी त्यांनी आठ-दहा मराठी मंडळींना जेवायला बोलावले. टेबलावर पाच बाटल्या, सगळ्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या. सगळ्या नापा खोऱ्यातल्या, सगळ्या कॅबरने सोव्हिन्यों या एकाच द्राक्षाच्या, पण साले वेगवेगळी. "नाव बघून पिऊ नका, नाकाने आणि जिभेने प्या," एवढीच सूचना. मी एक-दोन घोटांपलीकडे जाणारा नव्हे. पण हुंगायला काय जाते?

पहिली बाटली गडद, जवळजवळ काळी. वास जांभळाच्या मुरांब्यासारखा, चव गोडसर, आणि घोट उतरताना घशात ऊब. मंडळींनी माना डोलावल्या. दुसरी तशीच. तिसरीचा रंग फिका, कडेला विटकरी छटा. मी पेला नाकाशी नेला आणि थबकलो. सुकलेल्या तंबाखूच्या पानाचा वास! अगदी थेट. त्यामागे ओल्या मातीचा, आणि नुकत्याच टोक केलेल्या शिसपेन्सिलीचा. माझ्या आजोबांची वखार बंद होऊन चाळीस वर्षे झाली. पण दार उघडल्यावर आत जो वास कोंडलेला असायचा, तो मला समुद्रापार एका काचेच्या पेल्यात भेटला. यजमान हसत म्हणाले, "तुम्ही निपाणीचे ना? मग तुम्हाला हीच आवडणार." जुन्या कॅबरनेला तंबाखूचा आणि देवदाराच्या लाकडाचा वास येतो, हे पारख करणारे नेहमीच लिहितात म्हणे.

चौथी मात्र मला मुळीच आवडली नाही. पातळ, कडवट, आणि तिला ढोबळी मिरची चिरल्यासारखा हिरवा दर्प. पाचवी बरी होती, पण लक्षात राहावी अशी नव्हती.

कागद काढले तेव्हा कळले की पहिली २०१३ ची, दुसरी २०१२ ची, म्हणजे ज्या सालांची नापात वाहवा झाली त्यांतल्या. तिसरी आणि चौथी, दोन्ही २०११ च्या. एकच साल, एकच खोरे. एक सर्वांत सरस, एक सर्वांत सुमार. यजमानांनी दोन्ही बाटल्या त्या काळी बऱ्याच सवलतीत घेतल्या होत्या, कारण २०११ म्हटले की दुकानदारच तोंड वाकडे करीत.

काय झाले होते २०११ साली? आपल्या अथणी-तासगावच्या बागायतदाराला चार वाक्यांत समजेल. वसंतात थंडी आणि पाऊस, त्यामुळे डोळे उशिरा फुटले. जूनमध्ये ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला, घडात मणी कमी धरले. उन्हाळा गारच गेला, त्यामुळे साखर भरेना. आणि माल काढणीच्या बेताला आला तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा पाऊस. घड कुजायला लागले. ज्यांची बाग सखल आणि भारी जमिनीत होती त्यांची दैना झाली. डोंगरउतारावर पाण्याचा निचरा चांगला, वारा खेळता; तिथे ज्यांनी वेळेवर पाने विरळ केली, कुजके घड हाताने काढून टाकले आणि अर्धा माल फेकायची छाती ठेवली, त्यांच्या हाती थोडे पण निरोगी द्राक्ष लागले. समीक्षकांनी मात्र सालाकडे बोट दाखवून सगळ्यांना एकाच पाटीत घातले.

आता थंड सालाची वाईन सुरुवातीला का आवडत नाही आणि पुढे का आवडू लागते, हे बघा. यात जादू काही नाही. द्राक्ष पिकताना साखर वाढते आणि आंबटपणा कमी होतो. ऊन कडक असेल तर हे झपाट्याने होते. थंड साली हळूहळू होते. साखरेचे पुढे अल्कोहोल होते, म्हणून थंड सालाच्या वाईनमध्ये अल्कोहोल कमी आणि आंबटपणा जास्त राहतो. नव्या बाटलीत तो आंबटपणा टोचतो, आणि सालीतला व बियांतला तुरटपणा सुपारीसारखा जिभेला धरतो. गरम सालाच्या वाईनमध्ये हे दोन्ही गोडसर, भरदार चवीखाली झाकले जाते, म्हणून ती पहिल्या दिवसापासून गोड बोलते.

पण टिकण्याचा प्रश्न आला की आंबटपणाच कामाला येतो. आपल्या बायका लोणच्याला आंबट, कडक कैरी शोधतात ती उगाच का? गोडीला आलेली कैरी लवकर मऊ पडते, लोणचे वर्षभर जात नाही. वाईनचेही तसेच. आंबटपणा चांगला असला की बिघडवणारे जंतू सहसा फिरकत नाहीत, रंग उजळ राहतो, आणि तुरट द्रव्यांना एकमेकांत गुंफून बाटलीच्या तळाशी साका होऊन बसायला वर्षे मिळतात. तुरटपणा असा मऊ झाला की खालचे वास वर येतात. मुरणे हा शब्द लोणच्याइतकाच इथेही चपखल आहे. मात्र मुळात पिकण्याइतके ऊन मिळालेच नसेल, तर तो ढोबळी मिरचीचा हिरवा दर्प फारसा जात नाही. माझी चौथी बाटली त्यातलीच.

म्हणजे थंड साल ही परीक्षा असते, आणि त्यात पास-नापास प्रत्येक बाग वेगळी होते. गरम साली बहुतेक सगळेच पास होतात, म्हणून सालाला शाबासकी मिळते!

आता बहात्तरची गोष्ट.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईनव्यापाऱ्याने एक चाचणी ठेवली. फ्रान्सच्या नामांकित वाईन आणि कॅलिफोर्नियाच्या, त्या काळी कुणी विचारत नसे अशा वाईन, लेबले झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे मांडल्या. लाल वाईनमध्ये पहिला नंबर नापाच्या स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सच्या १९७३ च्या बाटलीला गेला आणि फ्रान्समध्ये हलकल्लोळ झाला. ही हकीकत वाईनवाल्यांत सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगितली जाते. तिच्यावर पुस्तक निघाले, सिनेमाही निघाला. पण तीत एक पात्र कोपऱ्यात राहून जाते. दहा लाल बाटल्यांत आठवा नंबर आला होता क्लो दु व्हालच्या १९७२ च्या बाटलीचा.

क्लो दु व्हाल ही वाईनरी जॉन गोएले यांनी पैसा घालून आणि बर्नार पोर्ते या फ्रेंच तंत्रज्ञाने कसब घालून उभी केली. पोर्तेंचे वडील बोर्दोच्या शातो लाफित या जगप्रसिद्ध घराण्यात तंत्राची जबाबदारी सांभाळत, म्हणजे मुलाने लहानपणापासून संयमी, मुरणारी वाईन पाहिलेली. त्यांचे नापातले पहिलेच साल १९७२, आणि नेमके ते साल काढणीच्या वेळी पावसात सापडले. खोऱ्यात त्या सालाला कुणी चांगले म्हणत नसे. चार वर्षांच्या कोवळ्या बाटलीला पॅरिसमध्ये आठवा नंबर मिळाला यात कुणाला आश्चर्य वाटले नाही.

दहा वर्षे गेली. १९८६ साली न्यूयॉर्कच्या फ्रेंच पाकशाळेत, फ्रेंच कलिनरी इन्स्टिट्यूटमध्ये, त्याच सालांच्या त्याच लाल वाईन पुन्हा झाकून मांडल्या गेल्या. आधीचा पहिला, स्टॅग्ज लीप, सहाव्यावर गेला. दुसरा नंबर रिज माँटे बेलोच्या १९७१ ला. आणि पहिला? क्लो दु व्हाल, १९७२! पावसाळी, पडक्या सालाची, आठव्या नंबरची ती बाटली बोर्दोच्या १९७० सारख्या नावाजलेल्या सालाच्या मुतों आणि ओ-ब्रियोंच्या वर जाऊन बसली.

पुढे २००६ मध्ये, तीस वर्षांनी, लंडन आणि नापा अशा दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी तिसरी फेरी झाली. तेव्हा रिज पहिली आली आणि क्लो दु व्हाल पाचवी. म्हणजे १९८६ चा निकालही कायमचा नव्हता, हेही खरे. पण चौतीस वर्षांची झालेली ती बाटली तेव्हाही फ्रान्सच्या चारही बाटल्यांच्या पुढे होती. बदनाम सालाकडून आणखी काय हवे?

अशी दुसरी उदाहरणेही आहेत. नापाच्या १९९७ सालाला डोक्यावर घेतले गेले आणि लगेच पुढच्या, एल निन्योच्या गार-ओल्या १९९८ ला नाके मुरडली गेली. वीस वर्षांनी बाटल्या उघडणाऱ्यांना ९८ च्या काहींनी चकित केले. कॅथी कोरिसन आणि हॉवेल माउंटनवरचे रँडी डन, हे दोघे नापातले असे वाईनकार की सगळे खोरे पिकलेल्या, पंधरा टक्क्यांच्या वाईनमागे धावत असताना त्यांनी आपली वाईन मुद्दाम हलकी आणि आंबटसर ठेवली. डन यांनी तर २००७ मध्ये वाढत्या अल्कोहोलविरुद्ध जाहीर पत्रच काढले होते. अशा लोकांना थंड साल शत्रू वाटत नाही.

मग निकाल आधी इतके एकतर्फी का लागत? माझा अंदाज असा की चाखणाऱ्याच्या घाईमुळे. बोर्दोत तर वाईन पिंपात असतानाच, काढणीनंतरच्या वसंतात, जगभरचे समीक्षक येऊन गुण देऊन जातात आणि त्या गुणांवर दर ठरतो. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने १९७८ मध्ये आपले पत्रक सुरू केले आणि शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रुजवली. १९८२ च्या पिकल्या, भरदार बोर्दोची त्याने केलेली वाखाणणी गाजली आणि पुढची तीस वर्षे जगाची जीभ त्या चवीवर बसली. शंभर बाटल्या एका दिवसात चाखायच्या तर जी पहिल्या घोटाला मोठ्याने बोलते तीच लक्षात राहणार. आपल्या बाजारात गुळाच्या सौद्याला तरी दुसरे काय होते? रवा फोडला, रंग पिवळाधमक दिसला की बोली चढते.

गुळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण नापातली गोष्ट मला पुरती समजली ती या गुळामुळे. पुरात बुडालेल्या उसाचा गूळ काळपट येतो, नीट बसतही नाही. तो खरेच कमी प्रतीचा असतो. पण चांगल्या उसाचाही, नुसत्या भेंडीच्या पाण्याने मळी काढलेला गूळ तांबूस-तपकिरीच होतो. बाजाराला पिवळा हवा म्हणून गुऱ्हाळांत हायड्रॉसची पावडर पडू लागली. काळसर गूळ म्हणजे गरिबाचा, जनावराचा, अशी समजूत झाली. आणि आता? पुण्या-मुंबईच्या दुकानांत तोच तपकिरी गूळ 'केमिकलविरहित' म्हणून पिवळ्याहून जास्त दराने विकला जातो. गुळव्या तोच, काहील तीच. बदलली ती गिऱ्हाइकाची नजर. मात्र त्यातही बुडीत उसाचा गूळ 'नैसर्गिक' म्हणून गळ्यात मारणारे निघालेच आहेत! तेव्हा काळा तेवढा चांगला, हा पिवळा तेवढा चांगला याच्याइतकाच आंधळा नियम झाला.

वाईनबाबतही हेच लक्षात ठेवायला हवे. हल्ली 'थंड साल म्हणजे नजाकत' अशी उलटी फॅशन सुरू झाली आहे. तीत फार तथ्य नाही. बोर्दोची १९६५ आणि १९६८ ही साले पन्नास वर्षे मुरवूनही सुधारली नाहीत. कुजलेल्या द्राक्षांतून रंगही जातो आणि वासही. २०१३ चे बोर्दोही बहुतेक ठिकाणी दुबळेच निघाले. फ्रान्समध्ये अशा साली रसात साखर घालून अल्कोहोल वाढवायची सोय आहे. नेपोलियनचा मंत्री शाप्ताल याने ती रीत प्रतिष्ठित केली, तिला नावही त्याचेच आहे. पण साखरेने अल्कोहोल येते, पिकलेपण येत नाही. कॅलिफोर्नियात तीही सोय नाही, तिथे साखर घालायला बंदी आहे.

तरीही थंड सालांकडे नव्याने बघण्यामागे एक ठोस कारण आहे, आणि ते हवामानाचे. युरोपात गरम साले आता नियमच होत चालली आहेत. बोर्दोत २०१८, २०१९, २०२० ओळीने उष्ण आणि पुन्हा २०२२ तसेच. मध्ये एकटे २०२१ गार गेले. एप्रिलमध्ये हिमाचा तडाखा, पुढे ओल आणि बुरशी. सुरुवातीला त्याला कुणी विचारले नाही. पण त्यातल्या निवडक लाल वाईन साडेबारा-तेरा टक्क्यांच्या, जुन्या काळच्या घडणीच्या आहेत, असे जाणकार आता सांगतात. जे पूर्वी दर तीन-चार वर्षांनी मिळे ते दुर्मीळ होऊ लागले की त्याची किंमत कळते.

आणि जेवणाबरोबर? इथे मी माझ्या जिभेवरून बोलतो. त्या शनिवारी यजमानीण बाईंनी तांबडा रस्सा केला होता, चांगला झणझणीत. पंधरा टक्क्यांची २०१३ ची बाटली रश्शाबरोबर घेतली तर तोंडात जाळ झाला. अल्कोहोल तिखटाला चेतवते आणि तुरटपणा त्यात भर घालतो. तेरा टक्क्यांची, मुरलेली २०११ ची मात्र निमूट बसली. सुक्या मटणाबरोबर तर छानच. आपल्या भागातल्या जेवणाला हलकी, आंबटसर लाल वाईनच जमेल, असे माझे मत झाले आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोलकढी घ्यावी, तिला तोड नाही.

हे सगळे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे होता तो आमचा मामेभाऊ. अथणी तालुक्यात तेलसंगच्या बाजूला त्याची शेती. आपला जिल्हा असा की बेळगावात छत्री वाळत नाही आणि अथणीत पावसाची वाट बघून डोळे सुकतात. बेळगाव शहराच्या निम्म्याच्या आसपास पाऊस. म्हणून बेळगाव कितीही 'गरिबांचे महाबळेश्वर' असले तरी द्राक्ष पिकते ते अथणीकडे. बहुतेक माल थॉमसनच्या जातीचा आणि तो बेदाण्याला जातो.

२००७ साली कर्नाटक सरकारने वाईनचे धोरण आणले. महाराष्ट्राचे त्याआधी, २००१ चे. विजापूर, बागलकोट आणि बेळगाव हा कृष्णाखोऱ्याचा पट्टा वाईनच्या द्राक्षासाठी चांगला, असे सांगितले जाऊ लागले. नारायणगावच्या शामराव चौगुले यांची फेसाळती वाईन आणि नाशिकच्या राजीव सामंतांची सुला यांची उदाहरणे प्रत्येक सभेत दिली जात. मामेभावानेही थॉमसनमधले दोन एकर काढून शिराज लावली. एका वाईनरीशी करार झाला. दर ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेवर. तेवीस-चोवीस ब्रिक्सला पूर्ण दर, खाली गेला की कपात.

आपल्याकडचे द्राक्ष युरोपच्या उलट. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा संपता गोडी छाटणी, आणि माल भर हिवाळ्यात वाढून फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतो. दिवस तापत जातात तसा आंबटपणा झरझर उतरतो. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच वाईनमध्ये टार्टरिक आम्ल वरून घालावे लागते. आमच्या भावाच्या तिसऱ्या हंगामात हिवाळा लांबला. ढगाळ हवा, रात्री कडक गारठा. माल निरोगी होता, रंग सुरेख होता, पण साखर वीस-एकवीसवर अडली. मी त्या वेळी तिकडे गेलो होतो. तो बांधावर बसून म्हणाला, "दादा, माल चांगला हाय म्हणतेत, पण ब्रिक्स न्हाई म्हणतेत. मग चांगला कशाला म्हणतेत?" कपात झाली ती झालीच, आणि पुढच्या वर्षी माल उचलायला कुणी आलेच नाही.

त्यात त्या एका वाईनरीचाच दोष होता असे नाही. २००८ च्या मंदीनंतर वाईनची मागणी घसरली, टाक्या भरून वाहत होत्या, आणि नाशिककडेही शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा उपटल्या. आमच्या भावानेही कुऱ्हाड चालवली. दोन एकरांत पुन्हा थॉमसन आली, बेदाण्याचे शेड वाढले. त्याच्या त्या वीस-एकवीस ब्रिक्सच्या द्राक्षांची वाईन झाली असेल तर ती बहुधा दुसऱ्या मालात मिसळली गेली. ती कशी मुरली असती हे सांगायला एकही बाटली शिल्लक नाही. आपल्याकडच्या बहुतेक लाल वाईन तीन-चार वर्षांत संपवायच्या म्हणूनच केल्या जातात, त्यामुळे आपल्या सालांचा निकाल फिरवायला पुरावाच राहत नाही.

परत आल्यावर मी त्याला क्लो दु व्हालची गोष्ट फोनवर सांगितली. आठवा नंबर, मग पहिला नंबर, सगळे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या शेतकऱ्याला नंतर फरक दिला व्हय?" मी म्हटले, त्यांची बाग त्यांचीच, वाईनरीही त्यांचीच. "मग बरं हाय की," म्हणाला.

दरात नुसती साखर न मोजता आंबटपणाही मोजला पाहिजे, हे मात्र त्याला चटकन पटले. बेदाण्याला साखरच लागते, तिथे तक्रार नाही; पण वाईनच्या मालाला ब्रिक्सबरोबर आम्ल आणि पीएच बघून दर ठरवणे काही अवघड नाही. चांगल्या वाईनरी काढणीची वेळ ठरवताना हे तिन्ही आकडे बघतातच. ते करारात आले की गार हिवाळ्याचा सगळा भार एकट्या बागायतदाराच्या डोक्यावर पडणार नाही. यापुढे कुणी आपल्या भागात वाईनच्या द्राक्षाचा करार घेऊन आले तर सही करण्यापूर्वी एवढे एक कलम विचारून घ्या, असे तो आता त्याच्या गावात सांगतो.

कुऱ्हाड चालवली तेव्हा विहिरीकडच्या बांधाची शिराजची एक ओळ त्याने ठेवली होती. ती अजून आहे. दर मार्चला सुट्टीवर आलेली पोरे आणि पाखरे मिळून तिचा फडशा पाडतात. मणी लहान, बिया फार, साल जाड. पण खायला गोड आहे.